जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बांधताना पिस्टन कोणते घ्यावेत आणि दम किती ठेवावा

किट, म्हणजे पिस्टन आणि तो ज्या नळीत फिरतो त्या लायनरचा सेट, आधी आणून ठेवू नका. इंजिन अजून ट्रॅक्टरवर आणि पिस्टन-लायनरचे डबे मात्र कपाटात, अशी गिऱ्हाइकं दर उन्हाळ्यात भेटतात. मेव्हणा संभाजीनगरला गेला होता, तिथं स्वस्तात मिळालं, घेऊन आला. मग इंजिन खोललं की बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) आधीच वीस ओव्हर, म्हणजे मूळ मापापेक्षा वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा झालेला निघतो आणि डब्यात असतो स्टँडर्ड पिस्टन. फोडलेला डबा दुकानदार परत घेत नाही. पिस्टन ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे.

मी जिंतूरला ट्रॅक्टरची इंजिनं बांधतो. सर्व्हिस सेंटरवाले ज्याला हात लावत नाहीत ते ट्रॅक्टर माझ्या दारात येतात. रंग उडालेली मॅसी, बोनेटवर 'डीआय' (डायरेक्ट इंजेक्शन) नसलेली जुनी बी-२७५, एचएमटी २५११, आणि क्वचित कुणाच्या वाड्यातून आजोबांची पेट्रोल-रॉकेलवाली फर्ग्युसन. मार्चपासून गर्दी सुरू होते, कारण प्रत्येकाला मृगाच्या आत ट्रॅक्टर रानात हवा असतो. त्या घाईतच पिस्टनचा घोळ होतो. आधी डिझेलचं सांगतो. फर्ग्युसनचं गणित उलटं आहे, ते नंतर.

"जरा जास्तीचा दम बसवा"

ही मागणी ठरलेली. "मिस्त्री, नांगराला कमी पडायलाय, दम वाढवा की जरा." मी विचारतो, नवीन होता तेव्हा नांगर ओढत होता का? ओढत होता. मग कंपनीने दिलेला दम पुरेसा होता, तो आता गळतोय. गळालेला परत आणणं हे आपलं काम. वाढवणं नाही.

दम म्हणजे कॉम्प्रेशन, पिस्टन सिलेंडरमधली हवा किती पट दाबतो तो आकडा. डिझेलमध्ये तो वाढवून हाती फार काही लागत नाही. कॉम्प्रेशन १८.५ वरून २० वर नेलं, तर कागदावरच्या आदर्श गणितातसुद्धा कार्यक्षमता एखाद्या टक्क्याने वाढते. त्या बदल्यात स्टार्टर आणि बॅटरीवर ताण येतो, हेड पॅकिंग लवकर फुटतं, आणि चाळीस-पन्नास वर्षं फिरलेल्या क्रँकच्या शेलांवर (बेअरिंगांवर) जादा हाणामारी होते. इकडे बोअरवेलचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या खड्याने अर्ध्या बुजलेल्या असतात, त्यात मे महिन्यातली बेचाळीस अंशाची दुपार. अशा इंजिनाला जास्तीचा दम म्हणजे पॅकिंगवाल्याच्या दुकानाचं भाडं.

कॉम्प्रेशन कमी ठेवणंही परवडत नाही. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. १६ च्या खाली गेलात की डिसेंबरच्या सकाळी गावभर पांढरा धूर करत इंजिन पकडेल, पकडलं तर. म्हणून कंपनीच्या आकड्याच्या आसपास, अर्ध्याच्या फरकात राहायचं. हे सोपं वाटतं, पण तिथं पोचण्यासाठी पिस्टन नुसता व्यासावर घेऊन चालत नाही.

आधी काय खोलायचं, काय मोजायचं

हेड काढलं की लायनरच्या वरच्या टोकाला बोट फिरवा. वरची रिंग जिथं थांबते त्याच्या वर एक कड लागते. कड नखाला अडली म्हणजे झीज आहे. किती आहे ते डायल बोअर गेजने मोजायचं, वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेने आणि त्याच्या आडव्या दिशेने. झीज कायम वरच्या भागात आणि आडव्या दिशेला जास्त असते. आपल्याकडे सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि काळ्या रानाची धूळ, त्यात तेलाच्या एअर क्लीनरमध्ये तेल बदललेलंच नसतं. वरची झीज तिथून येते.

गेज नसेल तर एक जुनी रिंग घ्या. लायनरच्या अगदी तळाला, जिथं पिस्टनच्या रिंगा कधी जात नाहीत तिथं ती सरळ बसवा आणि तोंडाची फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर, झिजलेल्या जागी आणून परत मोजा. दोन फटींतला फरक भागिले ३.१४, ती तुमची व्यासातली झीज. फट ०.३ मिमीने वाढली असेल तर लायनर साधारण ०.१ मिमी मोठा झालाय. झीज ०.१५ मिमीच्या पुढे गेली की मी नुसत्या रिंगा टाकत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो.

त्यानंतर इंजिनाचा नंबर बघायचा, बोनेटवरचं नाव नाही. मॅसी म्हटलं तरी खाली पर्किन्सचं ३.१४४ असू शकतं किंवा ३.१५२. दोन्ही तीन सिलेंडरची, दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची खालून वर चाल) ५ इंच, म्हणजे १२७ मिमी. पण एकाचा बोअर ३.५ इंच, दुसऱ्याचा ३.६. १४४ आणि १५२ हे घनइंचातले आकडे आहेत. बी-२७५ चं तसंच. जुन्या इंजिनात डिझेल हेडमधल्या वेगळ्या कप्प्यात पेटतं, नंतरच्या डीआय मॉडेलमध्ये पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत. एकाचा पिस्टन दुसऱ्यात टाकला तर कॉम्प्रेशन कुठल्या कुठं जातं.

पिस्टन हातात घेतल्यावर

दुकानदार व्यास सांगतो. तुम्ही तीन गोष्टी मोजा: गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, वाटीत मावणारं माप, आणि पिनचा व्यास. जुना पिस्टन शेजारी ठेवून तुलना करायला सुरुवात करा, पण जुना पिस्टन आधीच कुणीतरी चुकीचा टाकलेला असू शकतो. मॅन्युअलमधला आकडा शेवटचा.

उंची इतकी महत्त्वाची का, ते ३.१५२ च्या आकड्यांत बघा. बोअर ९१.४४ मिमी, स्ट्रोक १२७, म्हणजे पिस्टन खालून वर येताना एका सिलेंडरमध्ये ८३४ घनसेंटिमीटर हवा दाबतो. पिस्टन वर पोचल्यावर समजा वाटीत ४० मिली, सपाट भागावरच्या १ मिमी फटीत ६.६ मिली आणि वाल्वच्या खोबणीत १.३ मिली जागा उरली. एकूण ४७.९. कॉम्प्रेशन म्हणजे (८३४ + ४७.९) भागिले ४७.९, येतं १८.४. झकास. आता तोच पिस्टन अर्धा मिलिमीटर बुटका निघाला, तर वरची जागा ५१.२ होते आणि कॉम्प्रेशन येतं १७.३. अर्ध्या मिलिमीटरला एक आकडा गेला. दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन पिस्टनांत एवढा फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही, व्हर्नियरच लागतो.

आता उलट बघा. बोअर वीस ओव्हर केला, म्हणजे व्यास अर्धा मिलिमीटर वाढवला. वाटी तीच, फट तीच. कॉम्प्रेशन १८.४ चं १८.६ होतं. एवढंच. "वीस ओव्हर केल्यावर इंजिन लई ताकद करतं" असं जे पारावर ऐकता, ती ताकद झिजलेला लायनर गोल झाल्यामुळे आलेली असते.

वाटीचं माप घ्यायला मेडिकलमधली २० मिलीची सुई काढलेली सिरिंज आणि जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा पुरतो. तुकड्याला दोन भोकं पाडा, एकातून डिझेल सोडा, दुसऱ्यातून हवा जाऊ द्या, कडेला ग्रीस लावा. तिन्ही पिस्टनांच्या वाट्या अर्ध्या मिलीच्या फरकात यायला हव्यात. सेटमधला एखादा पिस्टन वेगळ्याच घाण्यातला निघतो, तो इथं सापडतो. वजनही बघा. मी तिन्ही पिस्टन पिनांसकट सराफाकडे नेऊन काट्यावर ठेवतो. तो आता हसत नाही. सात-आठ ग्रॅमच्या पुढे फरक असला तर मी सेट बदलून मागतो.

शिशाची तार

पिस्टन निवडला, रॉडला लावला, अजून रिंगा टाकलेल्या नाहीत. आता खरी परीक्षा. रॉड जरासा वाकलेला असेल, ब्लॉकचा माथा आधी कुणी लेथवर घासलेला असेल, बुश नवीन असेल, या सगळ्याचा मिळून परिणाम पिस्टन वर किती येतो त्यावर होतो. कागदावर तो सापडत नाही.

साधी सोल्डरची मऊ तार घ्या, दोन मिलिमीटर जाडीची. दोन छोटे तुकडे पिस्टनच्या डोक्यावर ग्रीसने चिकटवा. वाटीत नाही, वाल्वच्या खाली नाही, सपाट काठावर, आणि बरोबर गजन पिनच्या रेषेत, दोन टोकांना. पिनच्या आडव्या बाजूला ठेवले तर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. जुनं दाबलेलं पॅकिंग टाकून हेड पूर्ण टॉर्कला आवळा. आता क्रँक हाताने, पान्याने, सावकाश फिरवा. पिस्टन वर आला की पान्याला किंचित जड लागतं, मग सुटतं. मध्येच खडकन अडलं तर जोर लावू नका, हेड काढून बघा.

हेड उघडल्यावर तारेचे तुकडे चपटे झालेले असतात, मधोमध चकचकीत. मायक्रोमीटरने त्यांची जाडी मोजा. तीच पिस्टन आणि हेडमधली खरी फट. बहुतेक जुन्या डिझेलला ती १ मिमीच्या आगेमागे येते, नेमका आकडा मॅन्युअलात असतो. दोन टोकांची जाडी वेगळी आली तर रॉड वाकलेला आहे, तो आधी सरळ करून आणा. फट कमी असेल तर पिस्टनचा माथा लेथवर घासता येतो, काही इंजिनांचे ओव्हरसाइज पिस्टन त्यासाठीच थोडे उंच ठेवून येतात. फट जास्त असेल तर दुसरा पिस्टन. दोन पॅकिंगं एकावर एक टाकून फट जुळवणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून परत आलेली इंजिनंही माझ्याकडे येतात.

हेडमधला चोर

सपाट हेडच्या डीआय इंजिनात हेड कितीही घासलं तरी कॉम्प्रेशन वाढत नाही, कारण जागा पिस्टनच्या वाटीत आहे. उलट वाल्व हेडच्या पातळीपासून खोल गेले तर ते कमी होतं. वर्षानुवर्षं वाल्व ग्राइंड करून सीटा आत गेलेल्या असतात. ४० मिमीचा वाल्व १ मिमी जादा खोल गेला की सव्वा मिली जागा वाढते. दोन वाल्वचे अडीच मिली. वर आपण ४७.९ धरले होते, ते ५०.४ झाले की १८.४ चं कॉम्प्रेशन १७.५ वर येतं. गिऱ्हाईक नवीन किटला शिव्या देतं आणि चोर हेडमध्ये बसलेला असतो. नवीन सीटा बसवून घ्या, खोली डेप्थ गेजने मोजा.

नोझलखाली तांब्याचा वायसर एकच असावा. दोन टाकले की नोझलचं तोंड वर सरकतं, फवारा वाटीत न पडता काठावर आपटतो. काळा धूर सुरू झाला की मग सगळे पंपावर संशय घेतात.

ओव्हरसाइज की नवीन लायनर

कोरडे लायनर, म्हणजे ज्यांच्या बाहेर थेट पाणी लागत नाही असे, ओतीव लोखंडाचे आणि ब्लॉकमध्ये दाबून बसवलेले असतील तर बोअर करून वीस किंवा तीस ओव्हरचे पिस्टन टाकता येतात. पातळ क्रोम लायनर असतील तर बोअर करायचा विचारसुद्धा नको, ते बदलायचेच. मला विचाराल तर एकदा तीस ओव्हर झालेलं इंजिन परत नवीन लायनर टाकून स्टँडर्डला आणावं. स्टँडर्ड पिस्टन चार दुकानांत मिळतो, तीस ओव्हरचा शोधत परभणी, जालना पालथं घालावं लागतं.

एचएमटी २५११ झेटॉरच्या घराण्यातली. दोन सिलेंडर, ९५ बाय ११० मिमी, ओले लायनर. इथं ओव्हरसाइजचा प्रश्नच नाही, लायनर-पिस्टन जोडीने बदलायचे. मात्र लायनरची कॉलर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा किंचित वर राहिली पाहिजे, नाहीतर पॅकिंग धरत नाही. खाली रबर रिंगांना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. एचएमटीचा ट्रॅक्टरचा धंदा २०१६ मध्ये बंद झाला, त्यामुळे चांगला सेट दिसला की घेऊन ठेवावा असं लोक म्हणतात. ठेवा, पण मोजून.

लेथवाल्याला काय सांगायचं

"पिस्टन घेऊन जा आणि पिस्टनाला बोअर कर" हे एकच वाक्य. डब्यावरच्या आकड्याला नाही, त्या पिस्टनाला. पिस्टन गोल नसतो, पिनच्या आडव्या दिशेला जरा मोठा आणि खाली वरच्यापेक्षा मोठा असतो. मोजायचा तो स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या भिंतीच्या, खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या दुप्पट फुगतं, म्हणून थंड असताना फट ठेवावीच लागते. ९१ मिमीच्या साध्या डिझेल पिस्टनाला ती साधारण चार ते सहा थाऊ येते, पिस्टनवाल्याने कागद दिला असेल तर कागदावरची धरा. घट्ट ठेवलेलं इंजिन रोटाव्हेटरच्या पहिल्याच तासात चिकटतं.

बोअरनंतर होनिंगच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत. आरशासारखा लायनर आणून दिला तर परत पाठवा, त्यात रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल खातं. रेघा पाडल्यावर लायनर साबण आणि गरम पाण्याने धुवायचा, रॉकेलने नाही. पांढरं फडकं फिरवल्यावर काळं यायचं थांबेस्तोवर धुणं चालू. रिंगेची फट बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ.

फर्ग्युसनचं वेगळं

टीई-२० फर्ग्युसन १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. पेट्रोल इंजिनाचा बोअर आधी ८० मिमी, नंतर ८५, स्ट्रोक ९२. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ५ च्या आसपासच ठेवायचे, कारण रॉकेल जास्त दाबात ठोकायला लागतं. आता रॉकेल मिळत नाही, सगळे पेट्रोलवर चालवतात. अशा इंजिनाला मात्र दम वाढवण्यात अर्थ आहे. ५ वरून ६.५ वर गेलात तर आदर्श गणितात कार्यक्षमता ४७.५ वरून ५२.७ टक्क्यांवर जाते. डिझेलमधल्या त्या एका टक्क्याशी ताडून बघा.

पण ते हेड घासून करू नका. ८५ च्या बोअरला एका सिलेंडरची हवा ५२२ घनसेंटिमीटर. ५ चं कॉम्प्रेशन म्हणजे वर १३० मिली जागा, ६ साठी हवी १०४. हे २६ मिली कमी करायला साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त हेड घासावं लागेल, तेवढं लोखंड तिथं नसतं. पेट्रोलचं हेड किंवा उंच माथ्याचे पिस्टन शोधा आणि ६.५ वर थांबा, त्या क्रँकला तीनच मेन बेअरिंगं आहेत. शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, म्हणून एक्झॉस्टला कडक सीटा बसवा. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनी रबरं आणि कॉर्क फुगतात, कार्बोरेटरचं किट नवीन टाका.

बांधल्यावर

डीआय पिस्टनची वाटी बऱ्याचदा मधोमध नसते, नोझलच्या बाजूला सरकलेली असते. माथ्यावरची पुढची खूण पुढेच हवी. उलटा बसलेला पिस्टनही चालू होतो, धूर मात्र जात नाही.

पहिल्या दिवशी तासभर नुसतं रिकामं चालवू नका. गरम झालं की हलकी पेरणी किंवा ट्रॉली, मग पंजी. रिंगा दाबाने लायनरवर बसतात, आणि तो दाब लोडशिवाय येत नाही. तीस-चाळीस तासांनी तेल बदला, मग कॉम्प्रेशन गेज लावा. १८ च्या आसपासच्या कॉम्प्रेशनला चांगल्या बॅटरीवर ४०० पीएसआयच्या वर यायला हवं. सिलेंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. रीडिंग कमी आलं म्हणून नोझलच्या भोकातून तेल टाकून बघायची पद्धत आहे, ती पेट्रोलला ठीक. डिझेलमध्ये वर ४८ मिलीच जागा, त्यात ५ मिली तेल टाकलंत की कॉम्प्रेशनच २० च्या पुढे जातं आणि फुटलेल्या रिंगेलाही गेज शाबासकी देतो.

तेल बदलायच्या वेळीच हेड परत आवळा, मॅन्युअलमधल्या क्रमाने. आवळल्यावर टॅपेट पुन्हा लावा. पॅकिंग दबलं की टॅपेटची फट कमी होते, वाल्व पूर्ण मिटत नाही, आणि एवढं मोजून आणलेला दम एक्झॉस्टमधून निघून जातो.